खुसपट्या

सुप्त गुण म्हटले की गाणं, क्रिकेट नाहीतर गॅदरिंगचं नाटक डोळ्यांपुढे येतं. मला यातलं काहीच जमत नाही. हॉस्टेलवर माझी ओळख एकच, ‘खुसपट्या’. कुणाचंही प्रोजेक्ट पाहिलं की तोंडून निघतं, “हे तुटलं तर?”

ही खोडच वाटायची मला. मग आपल्याच जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या शेख इस्माईलबद्दल वाचलं. आठवीपर्यंत शिकलेला वेल्डर. यूट्यूब पाहून, मारुती ८०० चं इंजिन बसवून त्यानं एकट्यापुरतं हेलिकॉप्टर बनवलं. (आपण चार वर्षांत काय बनवतो, ते जाऊ द्या!) ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना मागचं पातं तुटून मुख्य पंख्यावर आदळलं, त्यात तो गेला. वय अवघं २४.

फिरणाऱ्या पात्याचा वेग दुप्पट झाला की त्याच्या मुळाशी येणारी ओढ चौपट होते. म्हणून पहिली चाचणी माणूस लांब ठेवूनच घ्यायची. आपण हे वहीत उतरवतो आणि विसरतो. त्याच्या शेडमध्ये माझ्यासारखा एखादा खुसपट्या बसायला हवा होता, असं राहून राहून वाटतं.

हल्ली पोरं मशीन सुरू करण्याआधी मलाच हाक मारतात, “ये बे खुसपट्या, पाह्य बरं काय तुटते ते!”