कॉर्डची खूण चुकली, की सूर बिघडतो

पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वरलेखनात सुरावटीच्या वर काही इंग्रजी अक्षरे, आकडे आणि छोट्या खुणा लिहिलेल्या आढळतात. ही कॉर्डची चिन्हे होत. मुख्य सुरावटीला कोणत्या स्वरसमूहाची साथ द्यायची, हे गिटार किंवा पियानो वाजविणाऱ्याला त्यांवरून कळते. वाद्यवृंदातील वादक आपापल्या स्वतंत्र कागदावरून वाजवीत असल्याने चिन्हातील लहानशी चूकही प्रत्यक्ष वादनात कानाला खटकते. म्हणूनच संगणकावर ही चिन्हे नेमकी कशी नोंदवावीत, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

एका अक्षराचा फरक

सी या स्वराला षड्ज मानले, तर सी मेजर कॉर्डमध्ये सा, ग आणि प हे स्वर एकत्र वाजतात. मायनरमध्ये गंधार कोमल होतो. सी या अक्षरापुढे नुसता सातचा आकडा लिहिल्यास मेजर कॉर्डमध्ये कोमल निषाद मिसळतो. आकड्याआधी मेजरची खूण असल्यास शुद्ध निषाद येतो. मेजरसाठी कोणी मोठे एम अक्षर लिहितो, कोणी एम-ए-जे ही तीन अक्षरे, तर कोणी त्रिकोण काढतो. मायनरसाठी लहान एम किंवा आडवी रेघ वापरली जाते. बारीक छपाईत मोठ्या आणि लहान एमची गल्लत झाली, की एक वादक शुद्ध गंधार-निषाद वाजवतो आणि दुसरा कोमल. अमेरिकेत कार्ल ब्रँट आणि क्लिंटन रोमर यांनी १९७६ मध्ये चिन्हांच्या प्रमाणीकरणासाठी पुस्तिका लिहिली. तरीही आजवर एकवाक्यता झालेली नाही. त्यामुळे एका रचनेत एकच पद्धत पाळणे आणि मेजरसाठी तीन अक्षरी खूण वापरणे श्रेयस्कर.

मजकूर नव्हे, कॉर्ड

म्यूझस्कोअर या मोफत उपलब्ध असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम सोपे आहे. प्रथम संबंधित स्वर किंवा विराम निवडावा. नंतर कंट्रोल आणि के या कळा एकत्र दाबून कॉर्डचे नाव टंकित करावे. कोमल स्वरासाठी लहान बी आणि तीव्रसाठी हॅशची खूण द्यावी. सॉफ्टवेअर त्यांचे योग्य चिन्हांत रूपांतर करते. स्पेसबार दाबल्यास पुढच्या स्वरावर वा मात्रेवर, तर टॅब दाबल्यास पुढच्या आवर्तनखंडात, म्हणजे बारमध्ये जाता येते. डोरिकोमध्ये याच कामासाठी शिफ्ट आणि क्यू या कळा आहेत.

नवशिके अनेकदा हीच अक्षरे साध्या मजकुराच्या चौकटीत लिहितात. कागदावर दोन्ही सारखेच दिसते. पण संगणकाच्या लेखी पहिली कॉर्ड असते आणि दुसरी निव्वळ अक्षरे. रचनेची पट्टी बदलली, की कॉर्ड आपोआप बदलते, मजकूर मात्र जुनाच राहतो. ट्रम्पेट किंवा अल्टो सॅक्सोफोनसारख्या वाद्यांबाबत हा धोका अधिक. मूळ सी मेजर कॉर्ड बी फ्लॅट ट्रम्पेटच्या कागदावर डी मेजर, तर अल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर ए मेजर म्हणून यावी लागते. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून मुंबईच्या चित्रपटसंगीतात आलेल्या वादकांच्या काळी प्रत्येक वाद्याचा कागद हाताने उतरवावा लागे. आज हे काम संगणक करतो. मात्र त्याला कॉर्ड ‘कॉर्ड’ म्हणून सांगितलेली असावी लागते.

रूप एकदाच ठरवावे

प्रत्येक चिन्हाचा आकार स्वतंत्रपणे बदलत बसू नये. म्यूझस्कोअरच्या फॉरमॅट मेनूतील स्टाइलमध्ये कॉर्ड सिम्बॉल्स हा विभाग आहे. तेथे स्टँडर्ड किंवा हस्ताक्षरासारखे दिसणारे जॅझ रूप निवडता येते आणि ते संपूर्ण रचनेला लागू होते. गिटारला कॅपो लावणाऱ्यांसाठी त्यानुसार बदललेली कॉर्ड कंसात दाखविण्याची सोयही येथेच आहे. जर्मन पद्धतीचा पर्याय मात्र जपून निवडावा. त्या पद्धतीत बी म्हणजे बी फ्लॅट, तर बी स्वराला एच म्हणतात.

जुन्या फायलींचा प्रश्न

योग्य नोंदणीचे महत्त्व ऑगस्ट २०२४ मध्ये प्रकर्षाने जाणवले. १९८८ पासून वापरात असलेल्या फिनाले या सॉफ्टवेअरचा पुढील विकास थांबविण्याची घोषणा तेव्हा तिच्या निर्मात्यांनी केली. जुन्या रचना दुसरीकडे नेण्यासाठी म्युझिकएक्सएमएल हे सामाईक स्वरूप वापरले जाते. त्यात कॉर्ड आणि मजकूर यांची नोंद वेगवेगळी होते. मजकूर म्हणून लिहिलेले चिन्ह नव्या सॉफ्टवेअरमध्येही मजकूरच राहते आणि ते पुन्हा नोंदविण्यावाचून गत्यंतर नसते.

छपाईपूर्वी एक साधी चाचणी करावी. म्यूझस्कोअरमधील कॉन्सर्ट पिच हे बटण एकदा सुरू आणि एकदा बंद करून ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोनच्या ओळीवरील चिन्हे पाहावीत. जे चिन्ह जागचे हलत नाही, ते बहुधा मजकूर म्हणून लिहिलेले असते. ते पुसून कॉर्ड म्हणून पुन्हा नोंदवावे आणि मगच कागद वादकांच्या हाती द्यावेत.