चरबीचा नावाडी : कार्निटिन

वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्गचा किल्ला उभा आहे. पूल होण्यापूर्वी कोकणातील अशा खाड्यांवर माणसांची ने-आण तरीतून होत असे. पैलतीरी बाजार भरलेला असे. पण तर मिळाल्याखेरीज तेथे पोहोचण्याचा मार्ग नसे. आपल्या शरीरातील पेशीतही अशीच एक खाडी आहे आणि तिच्यावरील नावाड्याचे नाव कार्निटिन.

पेशीची ऊर्जा प्रामुख्याने तंतुकणिकांत, म्हणजेच मायटोकाँड्रियांत निर्माण होते. चरबीपासून सुटी झालेली लांब साखळीची मेदाम्ले तंतुकणिकेच्या बाह्य आवरणापर्यंत येतात, परंतु आतले आवरण त्यांना स्वबळावर ओलांडता येत नाही. तेथे एक विकर त्यांना कार्निटिनशी जोडते, एक वाहक प्रथिन ती जोडी आत नेते, आत दुसरे विकर मेदाम्ल उतरवून घेते आणि रिकामे कार्निटिन पुढील फेरीसाठी परत येते. कार्निटिन स्वतः जळत नाही. त्यामुळे थोडक्या कार्निटिनावर पुष्कळ वाहतूक होते.

१९०५ मध्ये हा पदार्थ मांसाच्या अर्कातून वेगळा करण्यात आला. मांस या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळाले. त्याचे कार्य मात्र पुढे अर्धशतक गूढच राहिले. १९५५ मध्ये अर्व्हिंग फ्रिट्झ यांनी कार्निटिनमुळे यकृतात मेदाम्लांचे ज्वलन वाढते हे दाखविले, तेव्हा कोडे उलगडू लागले.

आता प्रश्न असा, की नावाडी वाढविले तर चरबी अधिक जळेल काय? व्यायामशाळांतून विकल्या जाणाऱ्या महागड्या भुकट्यांचा दावा तोच असतो. निरोगी माणसाच्या बाबतीत तो फारसा टिकत नाही, कारण वाहतुकीचे नियमन नावाड्यांची संख्या नव्हे, तर धक्क्यावरचे फाटक करते. पहाटे रिकाम्या पोटी रापणीचे दोर ओढणाऱ्याच्या शरीरात हे फाटक सताड उघडे असते आणि चरबी झपाट्याने वापरली जाते. त्यानेच घरी येऊन पेज किंवा भात जेवला, की इन्शुलिन वाढते, मॅलोनिल-कोए नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो पहिल्याच विकराला अडवितो. साखर उपलब्ध असताना चरबी कशाला जाळा, हा शरीराचा काटकसरी हिशेब! शिवाय तोंडाने घेतलेल्या गोळ्यांतील कार्निटिनचा अल्प अंशच रक्तात शोषला जातो. उरलेल्यावर आतड्यातील जीवाणू प्रक्रिया करतात आणि त्यातून अखेर टीएमएओ हे संयुग बनते. २०१३ पासूनच्या संशोधनात त्याचा संबंध हृदयविकाराशी जोडला गेला आहे.

मटणात कार्निटिन भरपूर, मासळीत त्या मानाने फारच कमी आणि भात-डाळीत जवळजवळ नसतेच. तरीही शाकाहारी माणसाला चिंतेचे कारण नाही. लायसिन व मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून यकृत आणि मूत्रपिंडे ते स्वतः तयार करतात. त्यासाठी लोह आणि क जीवनसत्त्व लागते. १७५६ मध्ये विजयदुर्गवर, इंग्रजांच्या भाषेत घेरियावर, वॉटसनचे आरमार चालून आले. त्या काळी दीर्घ सफरींवरील युरोपीय खलाशांना स्कर्व्हीने ग्रासलेले असे. हिरड्यांतून रक्त येण्याआधीच त्यांना विलक्षण थकवा जाणवे. क जीवनसत्त्वाअभावी घटलेले कार्निटिन हे त्याचे एक कारण असावे, असे काही संशोधकांना वाटते.

खरी गरज कोणाला, हे मात्र जाणून घेतले पाहिजे. काही बालकांत कार्निटिन पेशीत ओढून घेणारे प्रथिनच जन्मतः सदोष असते. लघवीवाटे कार्निटिन वाहून जाते. एरवी हसते-खेळते मूल तापात जेवेनासे झाले, की शरीराला चरबीवर निभावता येत नाही. रक्तातील साखर घसरते, शुद्ध हरपते, कधी हृदयाचे स्नायू दुबळे होतात. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवरील लहानशा मच्छीमार समाजात दर सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा विकार आढळतो. त्याचे वेळेत निदान झाल्यास नियमित कार्निटिन देऊन मूल सामान्य आयुष्य जगू शकते. व्हाल्प्रोएट हे अपस्माराचे औषध घेणाऱ्या किंवा दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या काही रुग्णांतही कमतरता उद्भवते. तेथे निर्णय डॉक्टरांचा.

निदानासाठी बाळाच्या टाचेतील रक्ताचे थोडे थेंब पुरतात. कार्निटिनला चिकटून खोळंबलेले मेदाम्ल कोणते, हे पाहून वाहतूक नेमकी कोठे अडली ते कळते. शेजारच्या गोव्यात २००८ मध्ये नवजात बालकांच्या चयापचयविकारांसाठी सरकारी तपासणी-योजना सुरू झाली होती. ज्या घरात एखादे तान्हे उपाशीपोटी अकस्मात दगावले आहे, तेथे पुढच्या अपत्याची ही तपासणी जन्मल्याबरोबर करून घ्यावी आणि अहवाल येईपर्यंत बाळाला रात्रीही फार काळ उपाशी ठेवू नये.