कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा आणि हौशी छायाचित्रण

कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा हा खिशात किंवा छोट्या पिशवीत मावणारा, भिंग कायमचे बसवलेले असलेला आणि फिल्मऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदकावर प्रतिमा टिपणारा कॅमेरा होय. याला ‘पॉइंट अँड शूट’ कॅमेरा असेही म्हणतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्मार्टफोनचा प्रसार होईपर्यंत घरगुती व हौशी छायाचित्रणाचे हे प्रमुख साधन होते. भिंग बदलता येणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यांच्या तुलनेत त्याच्या मर्यादा स्पष्ट आहेत. त्यांपैकी बहुतेक मर्यादा संवेदकाच्या लहान आकारातून उद्भवतात, आणि याच लहान आकाराचे काही फायदेही आहेत. ही गोष्ट लक्षात आलेली व्यक्ती या कॅमेऱ्याकडून, तो केवळ रोखून बटण दाबणाऱ्या व्यक्तीपेक्षा कितीतरी अधिक काम करून घेऊ शकते.

पार्श्वभूमी

हौशी छायाचित्रण डिजिटल तंत्रज्ञानाहून बरेच जुने आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित असलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी होते. त्या काळी हा छंद वेळ, पैसा आणि रसायनांचे ज्ञान असणाऱ्यांपुरताच मर्यादित होता. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये आणलेल्या कोडॅक कॅमेऱ्यात १०० छायाचित्रांची फिल्म आधीच भरलेली असे व ती संपल्यावर संपूर्ण कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा असे. १९०० मध्ये एक डॉलर किमतीचा ब्राउनी कॅमेरा आला आणि छायाचित्रण सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात येऊ लागले.

भारतात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आग्फा क्लिक-३ हा साधा कॅमेरा अनेक मध्यमवर्गीय घरांत होता. त्यात १२० क्रमांकाच्या रोलवर १२ चौरस छायाचित्रे निघत. पुढे ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यांमुळे एका रोलवर ३६ छायाचित्रे मिळू लागली. रोल, तो धुणे आणि प्रती काढणे या तिन्हींचा खर्च वेगवेगळा असल्याने कॅमेरा लग्न, मुंज, बारसे किंवा सहल अशा प्रसंगीच बाहेर निघे. उरलेली चार-पाच छायाचित्रे संपेपर्यंत रोल कित्येक महिने कॅमेऱ्यातच पडून राहणे हाही सार्वत्रिक अनुभव होता. चूक कळायची ती रोल धुऊन आल्यावर, म्हणजे प्रसंग उलटून गेल्यावर.

डिजिटल कॅमेऱ्याचा विकास

विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सीसीडी या घटकाची कल्पना मांडली. या कार्यासाठी त्यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९७५ मध्ये कोडॅकमधील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी सीसीडी वापरून पहिला हाती धरता येण्याजोगा डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलोग्रॅम होते, प्रतिमेत केवळ १०० × १०० चित्रबिंदू होते आणि एक प्रतिमा कॅसेटवर नोंदवण्यास २३ सेकंद लागत. संवेदकाला स्वतःला रंग कळत नाहीत, त्याला केवळ प्रकाशाची तीव्रता कळते. ही अडचण कोडॅकमधीलच ब्राइस बेयर यांच्या रंगगाळणीने दूर केली. १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या या रचनेत तांबड्या व निळ्या खिडक्यांच्या दुप्पट हिरव्या खिडक्या असतात, कारण मानवी डोळ्याला बारकावे प्रामुख्याने हिरव्या प्रकाशात जाणवतात. आजही बहुसंख्य कॅमेरे व फोन हीच रचना वापरतात.

सामान्य ग्राहकासाठीच्या आरंभीच्या डिजिटल कॅमेऱ्यांत ॲपलचा क्विकटेक १०० (१९९४) आणि कॅसिओचा क्यूव्ही-१० (१९९५) यांचा समावेश होतो. क्यूव्ही-१० चा संवेदक जेमतेम पाव मेगापिक्सेलचा होता, परंतु त्याच्या पाठीवर रंगीत एलसीडी पडदा होता व टिपलेले छायाचित्र त्याच क्षणी पाहता येत होते. हौशी छायाचित्रणाच्या दृष्टीने पुढे वाढत गेलेल्या मेगापिक्सेलच्या आकड्यांपेक्षा हा पडदा अधिक महत्त्वाचा ठरला असे म्हणता येईल. चूक लगेच दिसू लागली आणि दुसरा प्रयत्न फुकट झाला. शिकण्याची प्रक्रिया काही आठवड्यांवरून काही सेकंदांवर आली. २००० नंतर कॅननची इक्सस, सोनीची सायबर-शॉट व निकॉनची कूलपिक्स या मालिका भारतीय बाजारातही रुळल्या.

संवेदकाचा आकार आणि त्याचे परिणाम

बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांतील संवेदक ‘१/२.३ इंच’ या मापाचा असतो. हे नाव निर्वात नळीच्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या परिभाषेतून आलेले असून संवेदकाची कोणतीही बाजू प्रत्यक्षात तितकी नसते. त्याची खरी लांबी-रुंदी सुमारे ६.२ × ४.६ मिमी, म्हणजे हाताच्या करंगळीच्या नखाहूनही कमी असते. ३५ मिमी फिल्मच्या चौकटीचे माप ३६ × २४ मिमी आहे, म्हणजेच तिचे क्षेत्रफळ जवळजवळ तीसपट भरते. काही महागड्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ २०१२ च्या सोनी आरएक्स१०० मध्ये, १३.२ × ८.८ मिमीचा संवेदक आहे.

लहान संवेदकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. त्यामुळे सायंकाळी किंवा घरात कॅमेरा संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, वाढवतो आणि प्रतिमेवर रंगीत कण दिसू लागतात. ते पुसण्यासाठी कॅमेऱ्यातील प्रक्रिया केस, गवत, कापडाचे विणकाम असे बारकावेही पुसून टाकते. आकाश व सावली यांतील तीव्र फरकही या संवेदकाला पेलत नाही. इतक्याशा जागेत १६ किंवा २० मेगापिक्सेल बसवण्याची उत्पादकांची स्पर्धा त्यामुळे ग्राहकाच्या फारशी उपयोगी पडली नाही.

याची दुसरी बाजू निकट छायाचित्रणात दिसते. संवेदक लहान असल्याने भिंगाचे नाभीय अंतरही लहान असते आणि चित्रातील स्पष्टतेची खोली वाढते. या कॅमेऱ्याचे एफ/२.८ हे छिद्रमान स्पष्टतेच्या खोलीच्या बाबतीत ३५ मिमी कॅमेऱ्यावरील साधारण एफ/१६ इतके भरते. चेहऱ्यामागची पार्श्वभूमी धूसर करू पाहणाऱ्याला हे गैरसोयीचे आहे. मात्र सातारा जिल्ह्यातील कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलणारी सीतेची आसवे किंवा दवबिंदू यांसारखी काही मिलिमीटरांची फुले टिपताना त्याचा लाभ होतो. अनेक कॉम्पॅक्ट कॅमेरे मॅक्रो स्थितीत विषयापासून एक ते पाच सेंटिमीटर अंतरावर केंद्रित होतात. फूल, त्यावरील किडा आणि मागचे पठार हे सारे ओळखू येईल असे एकाच चौकटीत मिळणे मोठ्या कॅमेऱ्याला स्वतंत्र मॅक्रो भिंगाशिवाय अवघड जाते. पाठीवरच्या पडद्यामुळे कॅमेरा जमिनीलगत धरता येतो, ही आणखी एक सोय. मात्र छायाचित्रकार पायवाट सोडून फुलांत आडवा झाला तर ती सोय पठाराला महाग पडते.

वापरातील काही बाबी

बटण दाबणे व छायाचित्र टिपले जाणे यांत पडणारा खंड ही आरंभीच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांविषयीची सर्वांत मोठी तक्रार होती. धावणारे मूल चौकटीबाहेर जाई व रिकामे अंगण हाती लागे. हा वेळ बहुतांशी केंद्रीकरणात जातो. बटण आधी अर्धे दाबून ठेवल्यास कॅमेरा अंतर व प्रकाश निश्चित करून थांबतो आणि योग्य क्षणी पूर्ण दाबताच छायाचित्र टिपले जाते. ही एकच सवय लावल्याने हुकलेल्या छायाचित्रांची संख्या लक्षणीय घटते.

प्रकाशाचे मापन हा दुसरा महत्त्वाचा विषय आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे कॅमेरा गृहीत धरतो. पंढरीच्या वारीत चौकट पांढऱ्या सदऱ्यांनी व टोप्यांनी भरली तर तो प्रकाश कमी करतो. पांढरे कपडे मळकट दिसतात व चेहरे काळवंडतात. याउलट काळ्या पाषाणातील मंदिर किंवा किल्ल्याची तटबंदी तो अकारण उजळ करतो आणि दगडाचा काळेपणा जातो. जवळजवळ प्रत्येक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात अधिक-उणे चिन्हाचे एक्स्पोजर भरपाईचे बटण असते. वारीसाठी ते अधिककडे आणि पाषाणासाठी उण्याकडे सरकवावे लागते. पांढऱ्यासाठी अधिक व काळ्यासाठी उणे ही रीत प्रथमदर्शनी उलटी वाटते, परंतु वरील कारण लक्षात ठेवल्यास गोंधळ होत नाही.

रंगांच्या बाबतीतही कॅमेरा असाच सरासरीकडे झुकतो. दिवाळीतील पणत्यांचा पिवळसर उजेड ही त्याला दुरुस्त करण्याजोगी चूक वाटते. श्वेतसंतुलन ‘सूर्यप्रकाश’ या स्थितीत ठेवल्यास तो उबदारपणा टिकतो. अशा वेळी फ्लॅश बंद करून कॅमेरा कठड्यावर किंवा स्टुलावर टेकवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. अंगच्या फ्लॅशचा उजेड सुमारे तीन मीटरच पोहोचतो. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून मारलेला फ्लॅश केवळ पुढच्या प्रेक्षकांची डोकी उजळतो. त्याच फ्लॅशचा खरा उपयोग भर दुपारी होतो. टोपी किंवा पदराच्या सावलीत गेलेला चेहरा त्याने उजळतो. डिजिटल झूम वापरू नये. त्यात भिंग काहीच करत नाही, प्रतिमा केवळ कापून मोठी केली जाते.

कोकण व घाटमाथ्यावरील पावसाळ्यात दमटपणामुळे भिंगाच्या आत बुरशी धरते व ती सहसा काढता येत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवणे हा स्वस्त उपाय आहे. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याचा घरगुती उपाय टाळावा, कारण पिठाची भुकटी भिंगाच्या सरकत्या नळीत जाते.

छायाचित्रांची निवड व जपणूक

छायाचित्र फुकट झाल्यावर त्यांची संख्या वाढली आणि कष्ट निवडीकडे सरकले. एका सहलीतील ४०० छायाचित्रे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही, त्यांतील २० पाहिली जातात. निवड त्याच आठवड्यात करणे बरे, कारण नंतर ती सहसा होत नाही.

जपणुकीतील धोके फारसे कोणी आधी सांगत नाही. कॅमेरा फायलींना चार आकडी क्रमांक देतो, ९९९९ नंतर तो पुन्हा ०००१ पासून सुरू होतो, आणि काही कॅमेरे नवे कार्ड घातल्यावरही तसेच करतात. सर्व छायाचित्रे संगणकावरील एकाच फोल्डरमध्ये उतरवल्यास त्याच नावाची जुनी फाइल पुसली जाऊ शकते. वर्ष व महिन्यानुसार फोल्डर केल्यास हा धोका टळतो. प्रत्येक फाइलमध्ये एक्झिफ स्वरूपात दिनांक, शटरचा वेग, छिद्रमान इत्यादी माहिती आपोआप नोंदली जाते. हौशी छायाचित्रकारासाठी ती उत्तम वहीच असते. मात्र बॅटरी बराच काळ काढून ठेवल्यास कॅमेऱ्याचे घड्याळ मूळ तारखेवर जाते आणि पुढील सर्व छायाचित्रांवर चुकीचे वर्ष नोंदले जाते.

एक गोष्ट एक्झिफमध्ये कधीच नसते, ती म्हणजे चित्रातील माणसांची नावे. जुन्या कागदी छायाचित्रांच्या पाठीवर आजोबांनी पेन्सिलीने लिहिलेले गाव, साल व नात्यांचा उल्लेख यामुळे ती आजही ओळखता येतात. डिजिटल फाइलला पाठ नाही. फायलीच्या नावात अथवा सोबतच्या मजकुरात ही माहिती लिहिली नाही, तर ओळखणारी शेवटची व्यक्ती गेल्यावर लग्नातील ती रांग अनोळखी होते. फायलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या घरी असावी. निवडक छायाचित्रांच्या कागदी प्रती काढणेही अद्याप उपयुक्त आहे.

भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्राचा प्रताधिकार छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. अनेक हौशी छायाचित्रकार आपली छायाचित्रे मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्सवर देतात. नेदरलँड्समध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ या स्पर्धेत भारत २०१२ पासून सहभागी झाला. गावातील बारव, वीरगळ किंवा पडझड झालेली वेस यांचे छायाचित्र कलात्मक नसले तरी चालते. दगड नाहीसा झाल्यावर तेवढीच नोंद उरते.

ऱ्हास आणि पुनरागमन

जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या सीआयपीए या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे रवाना झाले आणि त्यांतील बहुसंख्य कॉम्पॅक्ट होते. २०२३ मध्ये कायम भिंगाच्या कॅमेऱ्यांची संख्या सुमारे १७ लाखांवर आली होती. फोनचा संवेदकही लहानच असतो. परंतु फोन एका क्षणात अनेक प्रतिमा घेऊन त्यांची बेरीज करतो व प्रकाशाची उणीव गणिताने भरून काढतो. टिकून राहिलेल्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत मोठ्या संवेदकाचे फुजीफिल्म एक्स१०० व रिको जीआर हे प्रमुख आहेत. जपानी छायाचित्रकार दाइदो मोरियामा यांनी रस्त्यावरील छायाचित्रणासाठी जीआर मालिकेचे कॅमेरे दीर्घकाळ वापरले.

२०२० नंतर तरुण वर्गात २००० च्या दशकातील वापरलेले कॉम्पॅक्ट कॅमेरे विकत घेण्याची लाट आली. सीसीडी संवेदकाचे रंग ‘फिल्मसारखे’ असतात, असा समज यामागे आहे. तो पूर्णपणे खरा मानता येत नाही; रंगांतील फरक भिंग, रंगगाळणी आणि कॅमेऱ्यातील प्रक्रिया यांचाही असतो. सूचना-संदेशांनी लक्ष विचलित न करणारे यंत्र हाती असणे हे अधिक पटण्याजोगे कारण आहे. असा कॅमेरा घेताना कार्डाचा प्रकार पाहावा लागतो. एक्सडी व मेमरी स्टिक ही कार्डे आता दुर्मीळ आहेत, तर २००६ पूर्वीचे बहुतेक एसडी कॅमेरे २ जीबीहून मोठे कार्ड वाचत नाहीत. लिथियम बॅटरी फुगलेली असल्यास ती वापरू नये. बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारे कॅमेरे या बाबतीत सोयीचे ठरतात. त्यांत पुन्हा भारित होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घातल्यास ते साध्या सेलहून कितीतरी अधिक छायाचित्रे काढू देतात.