जुन्या पिकअपला फोर-व्हील ड्राइव्ह : गॅरेजआधीचा हिशेब

हिमाचल प्रदेशातील कोटखाई-रोहडू पट्ट्यात सफरचंदाची तोडणी जुलैच्या सुमारास सुरू होते आणि पावसाचा जोरही त्याच दिवसांत असतो. बागेपासून डांबरी सडकेपर्यंतचा कच्चा चढ म्हणजे तेव्हा निव्वळ चिखल. केवळ मागच्या दोन चाकांना गती मिळणारा पिकअप रिकामा वर चढताना हमखास फसतो. हौद्यात भार नसला की मागची चाके जमीन धरतच नाहीत. तोडलेला माल बागेत अडकून पडतो आणि मालकाच्या मनात येते : इंजिन अजून दणकट आहे, पुढच्या चाकांनाही गती दिली तर?

कल्पना मोहक आहे; काम मात्र वाटते तेवढे सोपे नाही. इंजिनाची शक्ती पुढे व मागे वाटून देणारा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सच्या मागे बसवावा लागतो. मूळ गिअरबॉक्सचे मागील टोक बहुधा त्याला जुळत नाही, म्हणून पुष्कळदा गिअरबॉक्सही बदलतो. ट्रान्स्फर केसने जागा घेतली की मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड करून त्याचे संतुलन पुन्हा साधावे लागते. पुढच्यासाठी वेगळा शाफ्ट लागतो. पुढचा अ‍ॅक्सल तर संपूर्ण नवाच. त्यात डिफरन्शियल हवा, वळत असतानाही चाकाला गती देणारे सांधे हवेत. शिवाय स्प्रिंगा, स्टिअरिंग आणि ब्रेक त्याच्याशी जुळले पाहिजेत.

खरी फसगत होते ती गुणोत्तरात. दिल्लीच्या मायापुरीसारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात पुढचा अ‍ॅक्सल स्वस्तात मिळाला, पण त्याच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर समजा ४.१ आणि मागचे ३.७ निघाले, तर चारही चाके जोडताच पुढची व मागची बाजू एकमेकींशी झगडू लागतात. तो ताण अखेरीस शाफ्टवर किंवा ट्रान्स्फर केसवर निघतो. गुणोत्तर अचूक असले तरीही अशी साधी व्यवस्था कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरायची नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांहून अधिक अंतर कापतात आणि हा फरक सामावून घेणारे त्या रचनेत काही नसते. शिवाय चार चाकांना गती मिळाली म्हणून ब्रेक सुधारत नाहीत. भरलेली गाडी उतारावरून आणताना याचा विसर पडणे महागात पडते.

जाणकार मेकॅनिक म्हणूनच सांगतात, की सर्व भाग त्याच मॉडेलच्या कारखान्यातून फोर-व्हील ड्राइव्ह म्हणून निघालेल्या गाडीचे घ्यावेत. पण तशी अख्खी गाडी मिळत असेल, तर तीच का घेऊ नये? नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

कायद्याची बाजू याहून कठोर आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा फेरबदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. तेव्हा गॅरेजमध्ये बयाणा देण्यापूर्वी आरटीओकडे लेखी विचारणा करावी.

गाडीवर कर्ज असेल, तर ती बँकेकडे तारण असते. तिचे स्वरूप बदलण्यापूर्वी बँकेची लेखी संमती घ्यावी. विमा कंपनीला अंधारात ठेवणे तर अधिकच धोक्याचे. अपघातानंतर सर्वेक्षक गाडीखाली वाकून पाहतो आणि न कळवलेला अ‍ॅक्सल त्याच्या नजरेतून सुटत नाही. दावा अडला, की हप्ते मात्र चालूच राहतात.

वर्षातले थोडेच दिवस चिखलाचे असतील, तर मान्य मापाचे खोल नक्षीचे टायर आणि मागच्या अ‍ॅक्सलवर वाळूची चार पोती, घट्ट बांधून, एवढ्यावरही पुष्कळ भागते. गरज त्याहून मोठी असेल, तर कारखान्यातूनच फोर-व्हील ड्राइव्ह असलेला जुना पिकअप शोधावा. बोलेरो कॅम्परसारख्या गाड्यांत ती आवृत्ती निघालेली आहे. घेताना चासी क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावा, आधीच्या कर्जाचा बोजा फॉर्म ३५ देऊन उतरवला आहे याची खात्री करावी, आणि गाडी डांबरावर नव्हे, मऊ मातीत नेऊन चारही चाके ओढतात का ते पाहावे.