एकवीस प्राण आणि सरासरीचा आंकडा

मोठ्या अपघातास मोठेंच कारण असलें पाहिजे, अशी सामान्य समजूत आहे. वादळ, आग, वैमानिकाची बेपर्वाई असें कांहीं ठळक सांगितल्याखेरीज मनाचें समाधान होत नाहीं. परंतु अमेरिकेंतील शार्लट येथें ८ जानेवारी २००३ रोजीं सकाळीं जो विमान-अपघात घडला, त्याच्या चौकशींत निष्पन्न झालेलीं कारणें दिसण्यांत अगदीं क्षुल्लक होतीं.

तें विमान 'एअर मिडवेस्ट' कंपनीचें, बीचक्राफ्ट १९०० जातीचें, लहानसें. जवळच्या ग्रीनव्हिलकडे जाण्याची त्याची नित्याची खेप. आंत १९ उतारू व २ वैमानिक होते. जमीन सोडल्यापासून अवघ्या ३७ सेकंदांत तें विमानतळावरीलच एका हँगरवर कोसळलें आणि एकवीसही जण प्राणांस मुकले.

विमानाचें नाक वर उचलणें वा खालीं आणणें हें काम शेपटीवरील एका हलत्या फळीकडे असतें. तीस 'एलेव्हेटर' म्हणतात. वैमानिक हातांतील दांडा पुढें-मागें करतो, त्याबरोबर पोलादी तारांच्या योगानें ही फळी वरखालीं होते. अपघातापूर्वीं दोन रात्री आधीं, वेस्ट व्हर्जिनियांतील हंटिंग्टन येथें या तारांचा ताण नीट करण्यांत आला. कारागीर या जातीच्या विमानावर तें काम प्रथमच करीत होता. आणि त्यास शिकविणाऱ्या तपासनिसाकडेच त्या कामाची तपासणीहि होती. कांहीं पायऱ्या अनावश्यक समजून गाळल्या गेल्या, तारा चुकीच्या बसल्या, आणि नाक खालीं आणण्याची फळीची हालचाल निम्म्यावर आली. काम संपल्यावर फळी शेवटपर्यंत हलते कीं नाहीं, हें कोणी पाहिलें नाहीं.

तरीहि त्यानंतर विमानाच्या नऊ खेपा निर्विघ्न पार पडल्या. याचें मर्म ओझ्यांत आहे. बैलगाडींत माल मागल्या बाजूस अधिक भरला, कीं गाडी उलाळ होते व जूं वर उचललें जातें. विमानाचेंहि तसेंच आहे. म्हणून उड्डाणापूर्वीं एकंदर वजन किती व त्याचा मध्य कोठें पडतो, याचा हिशेब करावा लागतो. परंतु उतारूंस तराजूवर उभें न करतां माणशीं एक ठराविक सरासरी वजन धरण्याची वहिवाट होती. त्या हिशेबानें विमान मर्यादेंत होतें. वस्तुतः तें कमाल मर्यादेहून सुमारें ५८० पौंड जड होतें आणि भार प्रमाणाबाहेर मागें गेला होता. पुढें लहान विमानांतील उतारूंचीं वजनें प्रत्यक्ष घेण्यांत आलीं, तेव्हां गृहीत धरलेल्या सरासरीहून माणशीं सुमारें २० पौंड अधिक भरले. लोकांचीं शरीरें वाढलीं होतीं. आंकडा मात्र जुनाच राहिला होता.

आधींच्या खेपांत शेपटीकडे एवढें ओझें नव्हतें, म्हणून फळीच्या उरलेल्या हालचालीवर भागलें. त्या सकाळीं मात्र जमीन सोडतांच नाक उचलत गेलें, तें ५४ अंशांपर्यंत. वैमानिकांनीं तें खालीं आणण्याची पराकाष्ठा केली. पण तारा ऐकेनात. इतक्या चढावर वेग सरतो, पंखांखालचा हवेचा आधार तुटतो, आणि मग विमान पडण्यावांचून दुसरें कांहीं होत नाहीं.

दोहोंपैकीं एकच चूक झाली असती, तर कदाचित् हे एकवीस जीव वांचते. दुरुस्तीचें काम कंपनीनें दुसऱ्या संस्थेकडे सोंपविलेलें, आणि तिनें कारागीर तिसरीकडून घेतलेले. अंतिम जबाबदारी कोणाची, हें या सांखळींत अस्पष्ट झालें. चौकशी मंडळानें कंपनीच्या ढिल्या देखरेखीबरोबर सरकारी हवाई खात्यासहि दोष दिला. सरासरीचे आंकडे पुढें वाढविण्यांत आले. अशा नाजूक दुरुस्तीनंतर संपूर्ण हालचाल तपासून पाहावी, अशी शिफारस झाली. २००५ सालीं कंपनीनें मृतांच्या आप्तांची जाहीर क्षमा मागितली.

तात्पर्य, बेरीज बरोबर असली म्हणजे हिशेब खरा ठरतो असें नाहीं. त्यांत धरलेला आंकडा आजचा आहे कीं मागल्या पिढीचा, हें कोणीतरी वेळोवेळीं पाहावेंच लागतें.