बॉनेटची उंची, हवेचा ताप

२००९च्या शेवरोले कॉर्व्हेट झेडआर१ या गाडीच्या बॉनेटला पॉलिकार्बोनेटची पारदर्शक खिडकी होती. तिच्यातून इंजिनाच्या माथ्यावर बसलेल्या इंटरकूलरचं झाकण दिसायचं. सुपरचार्जर लावून कारखान्याबाहेर पडलेली ही पहिलीच कॉर्व्हेट. मिरवायला काहीतरी हवं, म्हणून खिडकी, असं बहुतेकांना वाटलं, आणि ते चूक नव्हतं. पण केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यातून त्यानंतर निघालेल्या गाड्या एकापाठोपाठ एक पाहिल्या, की एक गंमत ध्यानात येते. इंजिनात जाणारी हवा किती तापू द्यायची, हा प्रश्न दरवेळी बॉनेटपाशीच येऊन अडतो.

सुपरचार्जर म्हणजे क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरणारा हवेचा पंप. एकमेकांत गुंतलेले दोन पिळदार रोटर बाहेरची हवा ओढतात आणि इंजिनात कोंबतात. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. टर्बोसारखी वाट पाहावी लागत नाही; पाय दाबला की गाडी निघाली. अडचण एवढीच, की दाबलेली हवा तापते. शेतावरचं डिझेल इंजिन तर याच गुणावर चालतं. दाबून तापवलेल्या हवेत डिझेल पडलं की पेट घेतं, स्पार्क प्लग लागतच नाही. पेट्रोल इंजिनाला मात्र तोच गुण जाचतो. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान असेल आणि हवा वातावरणाच्या जेमतेम पावणेदोन पट दाबली, तर रोटरमधून बाहेर पडताना ती १०० अंशांच्या आसपास असते.

अशी हवा तशीच सिलिंडरमध्ये गेली तर दुहेरी नुकसान. तापलेली हवा विरळ असते. त्याच दाबाला तीसऐवजी साठ अंशांची हवा घेतली, तर ऑक्सिजन नऊ टक्क्यांनी घटतो. दुसरं नुकसान अधिक वाईट. ठिणगीने लागलेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं. हे नॉकिंग पिस्टन फोडू शकतं. त्यामुळे गाडीचा कॉम्प्युटर आधीच सावध होऊन ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. इंजिन वाचतं, ताकद जाते. माहितीपत्रकातला अश्वशक्तीचा आकडा म्हणूनच थंड हवेपुरता खरा मानावा.

यावरचा इलाज म्हणजे इंटरकूलर. या गाड्यांत रोटरमधून निघालेली हवा जाळीदार विटांसारख्या दोन कूलरमधून जाते. या धंद्यात त्यांना ‘ब्रिक’ असंच म्हणतात. ब्रिकमध्ये कूलंट खेळतं. तो इंजिनाच्या कूलंटपासून अगदी वेगळा फेरा असतो, त्याला स्वतःचा विजेचा पंप असतो आणि गाडीच्या नाकात स्वतःचा छोटा रेडिएटर. म्हणजे हवेतली उष्णता पाण्याला द्यायची आणि पाण्याने ती पुन्हा हवेलाच परत करायची. दोन्ही हस्तांतरांत थोडं काही हातचं राखलं जातंच. शिवाय नाकात जागा एकच. इंटरकूलरचा रेडिएटर, एसीचा कंडेन्सर आणि इंजिनाचा मोठा रेडिएटर हे तिथे एकामागे एक उभे असतात. मागच्याला पुढच्याने तापवलेली हवा मिळते.

आता २०१५ची झेड०६. ही १९६३पासूनची उपाधी, पण सुपरचार्जर असलेली झेड०६ ही पहिलीच. इंजिन ६.२ लिटरचं व्ही-८, नाव एलटी४, ताकद ६५० अश्वशक्ती. बॉनेट उंच झालं असतं तर चालकाला समोरचा रस्ता कमी दिसला असता आणि गाडीचा नीट बसका चेहराही बिघडला असता. मग सुपरचार्जरच लहान केला. आधीच्या झेडआर१मध्ये ईटन कंपनीचा २.३ लिटरचा पंप होता; इथे त्याच कंपनीचा १.७ लिटरचा आला आणि व्ही आकारातल्या दोन सिलिंडर-रांगांच्या दरीत गुपचूप बसला. बॉनेटला खिडकी नको, टेंगूळही नको. पण लहान पंपाने तेवढीच हवा द्यायची तर त्याला जास्त पळवावं लागतं. हे रोटर मिनिटाला २०,००० फेऱ्यांपर्यंत जातात, थोरल्यापेक्षा तब्बल ५,००० जास्त. जितका वेग, तितकी आतल्या आत गळती आणि घुसळण, आणि तितकी उष्णता.

रस्त्यावर हे कुणाला जाणवलं नसतं. रस्त्यावर ६५० अश्वशक्ती सलग दहा सेकंद वापरण्याची सोयच नसते. पण ही गाडी ट्रॅकसाठी म्हणून विकली गेली होती. उन्हाळ्यात ट्रॅकवर काही लॅप झाले की हवा, कूलंट, तेल सगळंच तापायचं आणि गाडी स्वतःला वाचवण्यासाठी ताकद आखडती घ्यायची. २०१७च्या जूनमध्ये मालकांनी फ्लोरिडातल्या न्यायालयात जनरल मोटर्सवर सामूहिक दावा लावला. त्याच मॉडेलवर्षात कंपनीने मोठ्या झरोक्यांचं नवं बॉनेट आणि सुपरचार्जरचं नवं झाकण आणलं होतं. (याच पिढीची शर्यतीतली सी७.आर २०१५ साली ल मांला आपल्या वर्गात पहिली आली. तिचं ५.५ लिटरचं इंजिन सुपरचार्जरविना होतं.) माझ्या मते झेड०६मध्ये अभियंत्यांचा हिशेब चुकला नव्हता, त्यांनी बॉनेटच्या उंचीसाठी जी किंमत मोजली, ती गिऱ्हाइकाला सांगितली गेली नाही.

मालकांनी मग आपापले मार्ग काढले. जाणती माणसं पहिल्यांदा पाहतात तो आकडा ब्रिकच्या पलीकडच्या सेन्सरचा. एअर फिल्टरजवळचा सेन्सर बाहेरची हवा सांगतो; सिलिंडरमध्ये काय जातंय ते त्याला ठाऊक नसतं. पुढचं काम कंटाळवाणं पण मोलाचं : इंटरकूलरच्या फेऱ्यातली हवा काढणं. कूलंट नुसतं वरून ओतलं तर बुडबुडे अडकतात आणि पंप असून नसल्यासारखा होतो, म्हणून व्हॅक्यूम लावून भरतात. थंडीत गोठणाऱ्या प्रदेशात राहत नसाल तर कूलंटमधलं ग्लायकॉल कमी आणि पाणी जास्त ठेवता येतं, कारण उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी सरस. गंजरोधक मात्र हवंच. कुणी नाकात मोठा रेडिएटर बसवतं, कुणी पाणी-मिथेनॉलचा फवारा मारतं, आणि ड्रॅग रेसवाले डिकीत बर्फाची टाकी ठेवतात. बर्फ वितळेपर्यंत सगळे राजे.

फुकटचा उपाय चालवण्यात आहे. ॲक्सिलरेटर हलका असला की बायपास झडप उघडते, हवा रोटरभोवती नुसती फिरते, दाबली जात नाही. म्हणून दोन-तीन जोरदार लॅपनंतर एक लॅप वरच्या गिअरमध्ये, हलक्या पायाने मारला तर फेऱ्यातलं पाणी खरोखर निवतं. पिटमध्ये इंजिन चालू ठेवून उभं राहणं हा मात्र उलटा उपचार. समोरून वारा नाही आणि खालून तापलेल्या व्ही-८ची धग सुपरचार्जरच्या अॅल्युमिनियममध्ये चढत राहते.

डॉजने २०१८च्या चॅलेंजर डीमनमध्ये वेगळंच डोकं चालवलं. ड्रॅग मोडमध्ये एसीचा गॅस माणसांना गारवा न देता इंटरकूलरचं पाणी थंड करतो, आणि इंजिन बंद केल्यावरही पंखा आणि पंप चालू राहतात. पाव मैलाच्या शर्यतीला याहून चांगली युक्ती नाही. वळणावळणाच्या ट्रॅकवर तिचा निभाव कठीण, कारण एसीने ओढलेली उष्णताही शेवटी नाकातल्या कंडेन्सरमधूनच बाहेर टाकावी लागते.

कॉर्व्हेटचं आपलं उत्तर २०१७च्या नोव्हेंबरमध्ये दुबईत दिसलं. २०१९च्या झेडआर१मध्ये ७५५ अश्वशक्तीचं एलटी५ इंजिन आलं. त्यावर २.६५ लिटरचा, थोराड आणि म्हणून सावकाश फिरणारा सुपरचार्जर, आणि गाडीभर मिळून १३ रेडिएटर. एवढा उंच पंप बॉनेटखाली मावणं शक्यच नव्हतं. मुख्य अभियंता टॅज युख्टर यांच्या चमूने बॉनेटला सरळ भोक पाडलं. इंजिनाचं कार्बन फायबरचं झाकण त्यातून वर डोकावतं आणि इंजिन हललं की बॉनेटच्या मधोमध तेही हलतं. बसक्या बॉनेटचा हट्ट सोडायला चार मॉडेलवर्षं लागली.

त्यापुढच्या पिढीत इंजिन चालकाच्या पाठीमागे गेलं. २०२३च्या झेड०६ने सुपरचार्जर सोडून दिला; ५.५ लिटरचं इंजिन ८,६०० फेऱ्यांपर्यंत पळवून ६७० अश्वशक्ती मिळवली. २०२५च्या झेडआर१ला दोन टर्बो आहेत, १,०६४ अश्वशक्ती आहे, आणि तापलेली हवा पुन्हा आहेच. तिच्या नाकातून शिरलेला वारा इंटरकूलरच्या रेडिएटरमधून जातो आणि बॉनेटमधल्या मोठ्या वाटेने वर निघून जातो. जाता जाता तो पुढच्या चाकांवर दाबही देतो. या वाटेपायी पुढची सामानाची डिकी काढून टाकावी लागली.