उकिरड्यावरची तोफ

बीडच्या आष्टीला पावसाने कायम हात आखडता घेतलेला. तालुका पर्जन्यछायेतला, त्यामुळे कुजण्याचं कामही इथे पावसाच्या मर्जीवर. उन्हाळ्यात ज्वारीची धसकटं रानात तशीच खडखडीत उभी. बुरश्या आणि जिवाणू असतात तिथेच, पण ओल नाही म्हणून निपचित. मृगाची सर आली की काही तासांत सगळे जागे होतात आणि आधी ताव मारतात तो उन्हाळ्यात मेलेल्या आपल्याच भाऊबंदांवर! मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट उठतो, अडकलेलं नत्र मोकळं होतं. केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये हे मोजून मांडलं, म्हणून याचं नाव ‘बर्च परिणाम’. पहिल्या पावसावर पेरणी साधायची शेतकऱ्याची घाई उगाच नसते. (पुरेशी ओल नसताना पेरलं तर दुबार पेरणी गळ्यात पडते, ते वेगळं.)

त्याच सरीचा मातकट सुवास म्हणजे जिओस्मिन, आणि तो बनवणारे मुख्य कारागीर स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू. एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असला तरी आपलं नाक तो पकडतं. स्प्रिंगटेल नावाचे सहा पायांचे बारीक जीवही या वासावर धावतात, जिवाणू खातात आणि अंगाला चिकटलेले बीजाणू रानभर वाटत सुटतात. फुकटची हमाली! क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली मिळालं, तेही याच घराण्यातून.

आता तोफ. ओल्या शेणावर पिलोबोलस नावाची बुरशी उगवते, उंची जेमतेम सेंटिमीटरभर. गाय शेणाजवळच्या गवताला तोंड लावत नाही, आणि हिच्या बीजाणूंना तर गाईच्या पोटातूनच प्रवास करायचा असतो. मग ही पठ्ठी देठाच्या फुग्यात पाण्याचा दाब साठवते, उजेडाकडे नेम धरते आणि डोक्यावरची काळी टोपी दोन मीटरपर्यंत भिरकावते. टोपी लांबच्या गवताला चिकटते, गवत गाईच्या पोटात जातं आणि बीजाणू धडधाकट पुन्हा शेणात. याच हिशेबाने पाच फुटी माणसाची टोपी हजार फुटांवर पडायला हवी.

हेच शेण गोठ्यामागच्या गोबरगॅसमध्ये गेलं, की तिथे मिथेन बनवणारे जीव मुळात जिवाणू नाहीतच. कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये त्यांची चूल वेगळी मांडली, ती आर्किया. आणि शेती फक्त माणूसच करतो असं नाही: वारुळातली वाळवी बुरशीची बाग राखते, आणि पावसाळ्यात वारुळावर डोकावणारी अळंबी त्याच बागेतली. (ओळख पक्की नसेल तर कढईत टाकू नका.)

तालुक्यातल्याच कडा गावाकडच्या कांदाचाळीत कांद्याच्या पापुद्र्यावर काजळी धरते ना? ती ॲस्परजिलस नायजर. शेतकऱ्याचा भाव पाडणारी हीच बुरशी कारखान्याच्या टाकीत साखर खाऊन सायट्रिक ॲसिड बनवते. लिंबाचं चित्र लावून विकलेल्या थंड पेयाचा आंबटपणा बहुतेक वेळा तिच्याच हातचा.

आणि तुरीची मर टाळायला बियाण्याला चोळतात ती ट्रायकोडर्मा. तिची एक चुलत बहीण दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू फस्त करताना सापडली. सैन्य वैतागलं, पण पुढे तिच्या त्याच विकरांना गिऱ्हाईक मिळालं: नव्या जीन्सला जुनाट, विटका रंग आणायला कारखाने ती वापरतात. म्हणजे बाप तुरीला जे चोळतो, त्याच्याच भावकीने पोराची पँट विटवलेली असू शकते, आणि तिचे पैसे जास्त पडतात.